ध्येय नंतर लिहा, आधी यादी कुणाकडे आहे ते सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वस्तीतल्या घरांसाठी तुम्ही सात जण संस्था नोंदवताय, धर्मादाय कार्यालयात कागद द्यायचे आहेत, देणगीदारही 'तुमचं ध्येय काय, मूल्यं काय' असं विचारतात, तर सोबतच्या मसुद्यात काय सुधारावं?

मसुदा दोनदा वाचला. 'प्रत्येक कुटुंबाला परवडणारं, सन्मानाचं घर' हे ध्येय आणि त्याखाली चार मूल्यं: समता, पारदर्शकता, लोकसहभाग, शाश्वतता. नावं ठेवायला जागा नाही, आणि मला खटकलं ते तेच. वरचं संस्थेचं नाव खोडून तिथे एखाद्या बिल्डरचं नाव टाका, पान जसंच्या तसं चालेल. मागे तुमच्याकडे आले होते तेव्हा कमानीवर पुनर्वसनाचा फ्लेक्स होता. त्यावरही 'हक्काचं घर, सन्मानाचं जीवन' असंच होतं, फोटो तेवढे वेगळे.

मी शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर. तेवीस वर्षं पुण्यातल्या वस्त्यांमध्ये मोजणी, नकाशे, बांधकाम आणि त्याहून जास्त वेळ भांडणं मिटवणं, हे काम करतेय. या काळात संस्थेची मूल्यं भिंतीवरच्या चौकटीत पाहून मला कधी काही कळलं नाही. ती कळली तीन वह्यांमध्ये: कुटुंबांची यादी, वर्गणीचं रजिस्टर आणि सभेचं इतिवृत्त. म्हणून माझं म्हणणं असं की आधी त्या तीन वह्यांचे नियम लिहा. ध्येय त्यांतून आपोआप निघेल.

तरी ध्येयाचं वाक्य हवंच असेल तर त्यात तीन गोष्टी असू द्या: कुणासाठी, कुठे आणि काय करणार नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कुणी लिहीत नाही.

येरवड्याचं उदाहरण घ्या. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात शहरी गरिबांसाठी 'बीएसयूपी' नावाचा भाग होता. त्याखाली मदर तेरेसा नगर, शीला साळवे नगर, नेताजी नगर, यशवंत नगर अशा वस्त्यांमध्ये घरं जागच्या जागी बांधली गेली. स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन ही गरीब वस्त्यांतल्या बायकांची संघटना यांनी हे काम हाती घेतलं, आर्किटेक्ट प्रसन्न देसाई आणि त्यांच्यासोबत फिलिपे बालेस्त्रा व सारा योरान्सन होते. मी त्या कामात नव्हते, पण तिथल्या गल्ल्यांतून पुष्कळदा फिरलेय. ठरलं होतं ते असं: वस्ती सपाट करायची नाही. जी घरं पत्र्याची, कच्ची, तेवढीच पाडायची आणि साधारण २७० चौरस फुटांचं नवं घर त्याच जागेवर, त्याच शेजारात उभं करायचं. पक्की घरं तशीच ठेवायची. जोत्याची जागा लहान पडली तर घर वर चढवायचं.

'काय करणार नाही' हे एकदा ठरलं की बाकी सगळं बदलतं. इमारत सरळ रेषेत येत नाही. एकाच गल्लीत पाच आकारांची घरं. ठेकेदार वैतागतो, कारण ट्रक आत जात नाही आणि वाळू पाट्यांनी वाहावी लागते. दोन पक्क्या भिंतींच्या मधल्या दहा फुटांत पाया खोदताना शेजारच्याची भिंत हलते आणि रात्री अकराला फोन येतो. सात मजली टॉवरला यातलं काही सोसावं लागत नाही. पण त्या गल्लीत दुपारी चार वाजता उंबऱ्यावर बसून लसूण सोलणारी बाई दुसऱ्या दिवशीही तिथेच दिसते आणि समोरच्या घरातलं तान्हं मूल तिच्या नजरेखाली असतं. हे टिकवायचं असेल तर त्याची किंमत संस्थेने आधीच मान्य केलेली असली पाहिजे. तुमच्या मसुद्यातली 'शाश्वतता' काढा आणि तिथे लिहा: 'वस्तीबाहेर कुणालाही हलवण्याच्या योजनेत ही संस्था भाग घेणार नाही.' लिहायची तयारी नसेल तर तेही ठीक. निदान आपसात एकदा कळेल तरी, की तयारी नाही.

आता 'परवडणारं'. हा शब्द आकड्याशिवाय वापरू नका. येरवड्यात घराची किंमत तीन लाख धरली होती आणि त्यातले दहा टक्के, म्हणजे तीस हजार, कुटुंबाने भरायचे होते. ऐकायला किरकोळ वाटतं. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या घरात ते कुठून येतात ते विचारा: भिशी, मंगळसूत्र, नाहीतर महिना पाच टक्क्यांचा सावकार. सावकाराकडून आणलेले तीस हजार वर्षभर तसेच राहिले तर व्याजच अठरा हजार होतं. घर परवडलं असं म्हणायचं का मग?

पंतप्रधान आवास योजनेत, म्हणजे २०१५च्या शहरी योजनेत, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असं अडीच लाखांचं अनुदान मिळायचं. पण ते टप्प्याटप्प्याने, काम झाल्यावर, फोटो काढून. म्हणजे जोतं घालायला पैसे आधी कुटुंबाने काढायचे. अनुदान आहे म्हणून घर पाडलं आणि पहिला हप्ता येईपर्यंत भावाच्या खोलीत चार महिने काढले, अशी घरं मी पाहिली आहेत. तुमच्यासारख्या लहान संस्थेचं खरं काम इथे आहे. शंभर घरं बांधायचा आव आणू नका. दहा घरांना हप्ता येईपर्यंत बिनव्याजी रक्कम पुरवणारा फिरता निधी उभा केलात तरी पुष्कळ. आणि घर झाल्यानंतरचा महिन्याचा खर्चही धरा: पाणीपट्टी, वीज, इमारत असेल तर पंप आणि लिफ्ट. 'महिन्याला अमुक रुपयांपेक्षा जास्त बोजा पडेल असं घर आम्ही बांधणार नाही' हे वाक्य मूल्यांच्या यादीत शोभणार नाही, पण काम तेच करेल.

यादीकडे येते. माझं बहुतेक आयुष्य यादीतच गेलंय.

आपल्याकडे घराचा हक्क कागदावरून ठरतो आणि कागद मोजणीवरून. १९७६ साली सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची गणती केली आणि फोटोपास, म्हणजे फोटो लावलेली ओळखपत्रं, दिले. पदपथावर राहणारे त्यात आलेच नाहीत. १९८१मध्ये ऐन पावसाळ्यात त्यांना हटवायला सुरुवात झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५चा ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल त्यातूनच आला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे न्यायालयाने मानलं, पण रीतसर नोटीस देऊन हटवायला मोकळीकही ठेवली. ज्यांच्याकडे १९७६च्या गणतीचं ओळखपत्र त्यांना पर्यायी जागा, बाकीच्यांना पावसाळा संपेपर्यंतची मुदत. त्याच वर्षी भायखळ्यात नव्याने सुरू झालेल्या स्पार्कने पदपथावरच्या सहा हजारांवर कुटुंबांची मोजणी केली. मोर्चा, घोषणा, निवेदन हे सगळं होतंच, पण ज्यांना कुणी मोजलं नाही त्यांनी आधी स्वतःला मोजून घ्यायचं, हा त्यातला मुद्दा मला आजही सगळ्यात पक्का वाटतो. झोपडीवासीयांच्या नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनचे जोकिन अर्पुथम आणि पदपथावरच्या बायकांचं महिला मिलन यांनी पुढे तीच पद्धत वस्तीवस्तीत नेली.

मोजणारा आपला असला म्हणजे मोजणी न्याय्य होते असं मात्र नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात एका वस्तीत सर्व्हे करत होते. दारावर ऑइलपेंटने नंबर टाकायचा, फॉर्म भरायचा, पुढे जायचं. सकाळी अकरा ते चार. दार बंद असेल तर रकान्यात 'कु. बं.', म्हणजे कुलूपबंद. तीन चकरांनंतरही कु. बं. आलं की ते घर 'वापरात नाही' या यादीत जायचं. असं एक दार मी तीनदा लिहिलं. तिथली बाई मार्केट यार्डात फुलं निवडायला पहाटे तीनला जायची, तिथूनच दुसऱ्या कामाला, परत येईपर्यंत संध्याकाळचे सात. शिवाय भाडेकरू. खोलीचा मालक दुसऱ्या गल्लीत राहायचा आणि त्याने ही खोलीही आपल्याच नावावर लावून घेतली. यादी वर गेली, शिक्का बसला. बाई कार्यालयात आली तेव्हा मी नियम सांगितला. ती एवढंच म्हणाली, "ताई, कुलूप माझंच होतं ना?"

त्यानंतर आमचे नियम बदलले. सर्व्हे रात्री आठनंतर आणि रविवारी. कु. बं. लिहिण्याआधी दोन शेजाऱ्यांच्या सह्या. यादी देवळाच्या आणि मशिदीच्या भिंतीवर तीस दिवस लावायची, मोठ्या अक्षरात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी गल्लीत मोठ्याने वाचायची. हरकत तोंडी सांगितली तरी लिहून घ्यायची. आणि मुख्य म्हणजे मालकाच्या रकान्याशेजारी 'प्रत्यक्ष राहणारे' असा रकाना.

हा शेवटचा रकाना तुम्हाला महागात पडेल, आधीच सांगते. तुमच्या सातांपैकी किती जणांच्या खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत? मला उत्तर नको, तुम्ही आपसात बोला. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत पात्र-अपात्र ठरवायला सरकारची तारीख असते, मोफत घरासाठी आधी १ जानेवारी १९९५, पुढे १ जानेवारी २०००. वरच्या माळ्यावर राहणारे सहसा अपात्रच ठरतात. सरकारची यादी सरकार करील. संस्थेची यादी वेगळी असू शकते, किंबहुना वेगळी असायलाच हवी. 'समता' हा शब्द ठेवायचा असेल तर त्याच्यापुढे एवढंच लिहा: 'भाडेकरू आणि माळ्यावरची कुटुंबं आमच्या यादीत असतील.' या वाक्याला पहिल्या सभेत मत मिळालं नाही, तर तुमची संस्था खोलीमालकांची आहे. मालकांची संघटना काढणं हा गुन्हा नाही, फक्त तिला समतेचं नाव देऊ नका.

लोकसहभागाबद्दल थोडक्यात लिहिणार होते, पण राहवत नाही. सहभाग म्हणजे सभेला चहा-बिस्किटं आणि शेवटी हात वर, असं होऊन बसलंय. भायखळ्याच्या पदपथावरच्या बायकांनी ऐंशीच्या दशकात घरांचे नमुने पूर्ण आकारात उभे केले होते. मोजमापाला साडी आणि आपलं शरीर, भिंतींना कापड. त्यांना खोलीची उंची चौदा फूट हवी होती, कारण मग अर्ध्या भागात माळा निघतो आणि एका खोलीची दीड होते. हे कुठल्या ड्रॉइंगवर सुचलं नसतं.

आम्ही तेच फक्कीने, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीने, करतो. मैदानात रविवारी सकाळी घराची पूर्ण मापं फक्की मारून आखायची, दार, मोरी, ओटा, जिना सगळं. मग बायकांना आत सोडायचं आणि आर्किटेक्टने तोंड मिटून उभं राहायचं. एकदा एक आजी त्या पांढऱ्या रेषांत सरळ आडव्या झाल्या. म्हणाल्या, "मी इथं निजले, पोरगं तिथं. आता सून रात्री मोरीत जाणार कुठून? माझ्या अंगावरून?" मोरी त्याच दिवशी दुसऱ्या कोपऱ्यात गेली. कागदावर तो नकाशा आम्ही पंधरा दिवस घोटला होता, दोन इंजिनियर आणि एक आर्किटेक्ट मिळून. तेव्हा मसुद्यात 'लोकसहभाग' ऐवजी लिहा की फक्की मारून, बायकांनी आत फिरून पाहिल्याशिवाय कुठलाही नकाशा महापालिकेत दाखल होणार नाही. एक पोतं फक्की आणि रविवारची सकाळ, एवढाच खर्च.

पैशाबद्दल एकच नियम सांगते, तो मात्र दगडावरची रेघ समजा. रहिवाशांची वर्गणी संस्थेच्या खात्यात येता कामा नये. मी एका संस्थेत होते, नाव सांगत नाही. तिथे दीडशे घरांची वर्गणी संस्थेच्याच चालू खात्यात जमा होत होती. अनुदानाचा हप्ता अडकला, पगार थकले आणि 'दोन महिन्यांपुरते' म्हणून त्या पैशातून पगार दिले गेले. कुणी खिशात घातले नाहीत. हप्ता आल्यावर सगळे परतही केले, पै न् पै. पण मधल्या काळात एका कुटुंबाने लग्नासाठी पैसे मागे मागितले आणि आम्ही 'पुढच्या महिन्यात' म्हणालो. दोन दिवसांत वस्तीभर झालं. पुढची तीन वर्षं त्या वस्तीत कुणी आम्हाला दहा रुपये दिले नाहीत, आणि बरोबरच होतं त्यांचं. आता आम्ही गल्लीतल्या तीन बायकांच्या सहीचं वेगळं खाते काढतो, पासबुक त्यांच्याकडे राहतं आणि दर महिन्याच्या पाच तारखेला शिल्लक फळ्यावर खडूने लिहिली जाते. फळा संडासाच्या रांगेसमोर, कारण तिथे सगळे उभे असतात. ऑडिट रिपोर्ट वेबसाइटवर टाका की, त्याला ना नाही. पण तुमच्या वस्तीतलं कुणी तो उघडणार नाही.

नोंदणीचं पटकन. सात जण आहात म्हणजे १८६०च्या कायद्याखाली सोसायटी होते, आणि महाराष्ट्रात त्यासोबत १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. एक गोष्ट नीट समजून घ्या: जागा किंवा घरं संस्थेच्या नावावर आली तर ती विकायला, देऊन टाकायला कलम ३६खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. कुणाला ही कटकट वाटते, मला ते कुलूप वाटतं. रहिवाशांची घरं मात्र संस्थेच्या नावावर ठेवायचा मोह टाळा. त्यासाठी त्यांची वेगळी सहकारी गृहनिर्माण संस्था करा, १९६०च्या कायद्याखाली. तुमची संस्था मदतनीस, मालक नव्हे. दोन्हीकडे तेच सात जण पदाधिकारी होऊ नका.

कार्यकारिणीत कोण बसणार हेही नियमावलीतच बांधून टाका. अमेरिकेत बॉस्टन शहरात डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह नावाची वस्तीची संस्था १९८४पासून आहे. तिथे शेकडो प्लॉट ओसाड पडले होते, जळलेली घरं, कचरा. लोकांनी मंडळाच्या जागा वस्तीतल्या चार मुख्य समाजांत सारख्या वाटून घेतल्या, कुणाची लोकसंख्या किती याचा वाद न घालता. १९८८मध्ये शहराने तिला ओसाड खासगी प्लॉट भूसंपादन करून घेण्याचा अधिकार दिला, जो सहसा सरकारशिवाय कुणाला मिळत नाही. त्या जमिनीवर घर कुटुंबाच्या मालकीचं, जमीन मात्र वस्तीच्या ट्रस्टची, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली. घर विकता येतं, पण किंमत ठरलेल्या हिशेबाने, म्हणजे पुढच्या गरीब कुटुंबालाही ते घेता येईल अशी. आपल्याकडची जमीन, कायदे, जाती सगळं वेगळं आहे, ते मॉडेल उचलून इथे बसणार नाही. पण जागांचं वाटप उचलता येईल. तुमच्या सातांत बाई एकच आहे, आणि तीही अध्यक्षांच्या घरातली.

विक्रीचा प्रश्न मात्र तुम्हालाही टाळता येणार नाही. पुनर्वसनाची घरं नोटरी करून, स्टॅम्प पेपरवर विकली जातात हे आपण सगळे जाणतो. 'गरिबांना घर दिलं की विकून परत झोपडीत जातात' असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. दवाखान्याचं बिल, मुलीचं लग्न, लिफ्टचा खर्च आणि कामापासून लांब पडलेलं घर, यांपुढे माणूस दुसरं काय विकणार? पण संस्थेने नुसती सहानुभूती बाळगून चालत नाही. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर, आणि विकायची वेळ आली तर आधी वस्तीतल्या भाडेकरूला विचारायचं, एवढं तरी ठरवा. दोन नावांमुळे आमच्याकडे किमान चार घरं वाचली आहेत. चारही वेळा विकायला नवरा निघाला होता.

शेवटी नकार. तुमच्याकडे लवकरच कुणीतरी येईल आणि म्हणेल की बिल्डरच्या योजनेला रहिवाशांची संमतीपत्रं गोळा करून द्या, संस्थेला देणगी देतो, ऑफिसला कॉम्प्युटर देतो. संमतीपत्राचे पैसे घेणारी संस्था त्या दिवसापासून दलाल असते. हे मसुद्यात लिहाच, ठळक अक्षरात, रकमेच्या मर्यादेशिवाय. 'बिल्डर, ठेकेदार, किंवा निवडणूक लढवणाऱ्या व्यक्तीकडून देणगी नाही.' तुमचे सल्लागार म्हणून ज्या माजी नगरसेवकांचं नाव आहे, त्यांना ते वाक्य आधी दाखवा आणि चेहरा बघा.

मसुद्यात खजिनदाराच्या नावापुढची जागा कोरी आहे. तिथे भाड्याच्या खोलीत राहणारी, हिशेब चोख ठेवणारी एखादी बाई बसवता येते का पाहा. भिशी चालवणारी कुणी ना कुणी असेलच. ती हो म्हणाली की कळवा. पुढच्या रविवारी फक्कीचं पोतं घेऊन मी सकाळी आठला येते, टेप आणि दोरी तुमच्याकडची.